साठ वॅटचा स्पीकर, वीस वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर

गणपतीत स्पीकर जळणं ही काही बातमी नाही. दरवर्षी कुठल्या ना कुठल्या मंडळाचा एखादा बॉक्स धारातीर्थी पडतोच. पण मागच्या गणपतीत आमच्या जेल रोडच्या सोसायटीत जो स्पीकर गेला तो भाड्याचा नव्हता. तो तळमजल्यावरच्या काकांचा होता, आणि त्याला जोडलेला अ‍ॅम्प्लिफायर माझा होता. सेकंड इयरच्या मिनी प्रोजेक्टसाठी मी स्वतः सोल्डर केलेला. म्हणजे गुन्हेगार कोण हे शोधायला फार लांब जायची गरज नव्हती.

काका नोट प्रेसमधून रिटायर झालेले. काकू गाणं शिकवायच्या. त्या गेल्या तेव्हा मी शाळेत होते. शिकवताना त्यांनी भरून ठेवलेल्या साठ-सत्तर कॅसेट्स काकांच्या कपाटात आहेत, आणि रोज संध्याकाळी त्यातली एक लागते. काकांचा जुना अ‍ॅम्प बंद पडला, पार्ट मिळेना, तेव्हा मी माझा नेऊन लावला. वर्षभर मस्त चालला. मग गणपतीत भाड्याचा सेट ऐनवेळी आला नाही, आणि सगळ्यांच्या नजरा काकांच्या दोन लाकडी बॉक्सकडे वळल्या. काका तयार होते, पण देण्याआधी त्यांनी मला विचारलं, "तुझा अ‍ॅम्प वीस वॅटचा ना? आणि माझे बॉक्स साठचे. काही होणार नाही ना गं?"

मी म्हटलं, "काही नाही होणार काका. लहान अ‍ॅम्प मोठ्या स्पीकरला काय करणार?"

दोन तासांनी डाव्या बॉक्सचा ट्वीटर गेला. हा लेख म्हणजे त्या एका वाक्याचं प्रायश्चित्त आहे असं समजा. कारण तेच वाक्य मी नंतर वर्गात, हॉस्टेलवर, दुकानांमध्ये इतक्या वेळा ऐकलं, की ते चुकीचं आहे हे कुणीतरी लिहायलाच हवं.

आधी वॅट म्हणजे काय ते बघू. वीज आणि रोध यांचं गणित आपण अकरावीपासून करतोय: पॉवर म्हणजे व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध. वीस वॅटचा अ‍ॅम्प आठ ओहमच्या स्पीकरला जास्तीत जास्त साधारण १२.६ व्होल्ट आरएमएस देऊ शकतो, कारण १२.६ चा वर्ग भागिले ८ म्हणजे जवळजवळ २०. इथे 'जास्तीत जास्त' हा शब्द महत्त्वाचा. अ‍ॅम्पवर लिहिलेले वॅट हे तो किती देऊ शकतो याचे आहेत. तो एरवी किती देतो हे गाण्यावर आणि नॉबवर अवलंबून असतं. स्पीकरवर लिहिलेले वॅट मात्र वेगळीच गोष्ट सांगतात. ते किती सोसू शकतो याचे. एक 'देण्याची' क्षमता, एक 'सोसण्याची' क्षमता, आणि आपण दोघांना वॅट म्हणतो, म्हणून सगळा घोळ.

सोसायचं ते काय? तर उष्णता. स्पीकर हे इतकं अकार्यक्षम यंत्र आहे की परीक्षेत नापासच व्हावं. ज्या हलत्या कॉइलच्या रचनेवर आजचेही बहुतेक स्पीकर चालतात, ती राइस आणि केलॉग या जनरल इलेक्ट्रिकच्या दोघांनी १९२५ साली मांडली. शंभर वर्षं झाली, पण घरातल्या साध्या बॉक्समध्ये अजूनही दिलेल्या विजेच्या एक टक्क्याहून कमी भागाचा आवाज होतो. काकांच्या बॉक्सच्या मागे पट्टीवर लिहिलंय: ८ ओहम, ६० वॅट, ८८ डीबी. या ८८ डीबीवरून हिशोब केला तर कार्यक्षमता येते ०.४ टक्के. उरलेले ९९.६ टक्के कॉइल तापवण्यात जातात. आपला लॅबमधला सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचा असतो आणि तो शिसं-कथिल आरामात वितळवतो. तेवढेच वॅट एखाद्या केसासारख्या बारीक तारेच्या कॉइलमध्ये सोडले तर काय होईल, याची कल्पना करा. वूफरची कॉइल जाड, मोठी, तिच्याभोवती लोखंडाचा गोळा, तिला थंड व्हायला जागा. ट्वीटरची कॉइल नखाएवढ्या पडद्याला चिकटवलेली. ती सलग चार-पाच वॅटसुद्धा फार वेळ घेऊ शकत नाही.

मग बॉक्सवर ६० लिहिलंय ते खोटं का? नाही, खोटं नाही. ते ६० वॅट संपूर्ण बॉक्सचे आहेत, आणि त्यात एक गृहीतक लपलेलं आहे: की आत येणारा सिग्नल गाण्यासारखा असेल. गाण्यात बहुतेक ताकद खालच्या आणि मधल्या सुरांत असते. ढोलकीची थाप, तबल्याचा बायां, गायकाचा आवाज. झांजेची किणकिण, 'स' आणि 'श' चे उच्चार, तंबोऱ्याची जवार हे कानाला ठळक वाटतं, पण वॅटमध्ये मोजलं तर एकूणाच्या दहावा हिस्सा किंवा त्याहून कमी. बॉक्सच्या आतला क्रॉसओव्हर खालचं वूफरकडे आणि वरचं ट्वीटरकडे पाठवतो. म्हणजे ६० वॅटच्या बॉक्समधला ट्वीटर स्वतः ६० वॅटचा कधीच नसतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं, पण त्या दिवशी आठवलं नाही.

आता मुख्य प्रश्न. वीस वॅटच्या अ‍ॅम्पकडून त्या बिचाऱ्या ट्वीटरला चार-पाच वॅट पोचले कसे?

याचं उत्तर क्लिपिंगमध्ये आहे. अ‍ॅम्पचा पॉवर सप्लाय ठरलेला असतो. माझ्या एलएम१८७५ या चिपला मी अधिक-उणे २५ व्होल्ट दिले होते. आउटपुट त्याच्या पलीकडे जाऊच शकत नाही, थोडं अलीकडेच थांबतं. इनपुट वाढवत गेलात तर लाटेचे शेंडे छताला लागतात आणि सपाट होतात. ऑसिलोस्कोपवर बघितलं असेलच तुम्ही: गोल टेकड्यांची पठारं होतात. साइन वेव्ह पार चौकोनी होईपर्यंत कापली तर तिची पॉवर दुप्पट होते. म्हणजे वीस वॅटचा अ‍ॅम्प चौकोनी लाटेत चाळीस वॅट देऊ शकतो. हे पहिलं आश्चर्य. पण चाळीस म्हणजे अजूनही साठहून कमीच, त्यामुळे एवढ्यावर गुन्हा सिद्ध होत नाही.

इथे एक लोकप्रिय गैरसमज मोडून काढते. आमच्या एका सीनियरने छातीठोकपणे सांगितलं, "क्लिपिंगमध्ये डीसी तयार होतो, डीसीने कॉइल जळते." ऐकायला पटतं, कारण पठार दिसतं डीसीसारखं. पण वरचं पठार आणि खालचं पठार सारखंच असेल तर सरासरी शून्यच राहते. आणि दुसरं म्हणजे, ट्वीटरच्या वाटेवर सिरीजमध्ये कपॅसिटर बसलेला असतो. डीसी त्याच्यातून जाईल कसा? अ‍ॅम्पची आउटपुट स्टेज शॉर्ट होऊन खरा डीसी आला तर वूफर जळेल, ट्वीटर वाचेल. आमच्याकडे उलट झालं होतं. मल्टीमीटर लावला तर वूफर ६.२ ओहम दाखवत होता, एकदम ठणठणीत, आणि ट्वीटर ओपन. त्यामुळे डीसीचा आरोप रद्द.

दुसरं स्पष्टीकरण हार्मोनिक्सचं. लाट कापली की तिच्यात तिप्पट, पाचपट, सातपट वारंवारितेचे सूर तयार होतात. हे खरंच आहे. पण १०० हर्ट्झच्या थापेचे हार्मोनिक्स ३००, ५००, ७०० असे चढत जातात आणि प्रत्येक वेळी क्षीण होतात: तिसऱ्याची पॉवर मूळच्या एक-नवमांश, पाचव्याची एक-पंचविसांश. ३००० हर्ट्झच्या वर, जिथे ट्वीटरचं राज्य सुरू होतं, तिथपर्यंत फारच थोडं पोचतं. हातभार लागतो, पण खून एवढ्याने होत नाही.

खरी गंमत तिसऱ्या कारणात आहे, आणि ती कळायला मला दोन दिवस लागले. गाण्याची लाट डोळ्यासमोर आणा. ढोलकीची मोठी, संथ लाट, आणि तिच्या पाठीवर झांजेच्या बारीक बारीक लाटा. गोदावरीच्या पुराच्या पाण्यावर वाऱ्याने उठणाऱ्या लहरींसारखं. नॉब वाढवला. मोठी लाट छताला लागली, आता ती वाढू शकत नाही. पण मोठी लाट छत सोडून खाली येते तेव्हा तिच्या पाठीवरच्या बारीक लाटांना वाढायला भरपूर जागा असते. त्या वाढतात. नॉब आणखी वाढवा, थाप तेवढीच, किणकिण आणखी मोठी. म्हणजे क्लिपिंगच्या पलीकडे गेल्यावर अ‍ॅम्प गाण्याचं प्रमाणच बदलून टाकतो. दहावा हिस्सा असलेली वरची पट्टी पाव हिस्सा होते. बॉक्सवरच्या ६० वॅटमागचं गृहीतक तिथेच कोसळतं. एकूण वॅट साठच्या आत असतात, पण वाटणी चुकलेली असते.

आणि आरती! आरतीत काय असतं? टाळ, झांज, टाळ्या. सगळी वरचीच पट्टी. आम्ही दोन तास हेच वाजवत होतो, मग लहान मुलांच्या डान्सची गाणी.

आता आकडे. हे आकडे अंदाजाचे आहेत, पण हिशोब खरा आहे. शेंडे छताला जेमतेम टेकतील इतक्या आवाजात माझ्या अ‍ॅम्पमधून सरासरी दोनेक वॅट बाहेर पडतात, कारण गाण्याची सरासरी तिच्या शेंड्यांच्या खूप खाली असते. त्यातला दहावा हिस्सा ट्वीटरला, म्हणजे ०.२ वॅट. काहीच नाही. मग त्या रात्री काय वेगळं होतं? नॉब कुठे होता असं मी तिथे बसलेल्या आठवीतल्या मुलाला विचारलं. तो रडवेला होऊन म्हणाला, "ताई, शप्पथ, अर्ध्यावरच होता!"

तो खरं बोलत होता. चूक माझीच होती.

व्हॉल्यूमचा नॉब पॉवर दाखवत नाही. तो फक्त इनपुटचा किती भाग आत सोडायचा ते ठरवतो. काकांच्या कॅसेट डेकमधून येतात फार तर अर्धा व्होल्ट. माझ्या अ‍ॅम्पचा गेन २१. नॉब फुल केला तरी आउटपुट साडेदहा व्होल्ट, १४ वॅटच्या आत. म्हणजे कॅसेटवर हा अ‍ॅम्प क्लिप होऊच शकत नव्हता, आणि वर्षभर सगळं सुरळीत चाललं ते याच्यामुळे, माझ्या हुशारीमुळे नाही. गणपतीत मात्र सोसायटीचा डीव्हीडी प्लेअर जोडला होता, मागे पेनड्राइव्ह लावून. त्याचं आउटपुट दोन व्होल्ट. अ‍ॅम्पला पूर्ण २० वॅटसाठी लागतात फक्त ०.६ व्होल्ट. त्यात भर म्हणजे, व्हॉल्यूमसाठी लॉग पॉट लावायचा असतो, पण गावात दुकानात त्या दिवशी 'ए' मिळाला नाही म्हणून मी 'बी', म्हणजे लिनिअर, लावून टाकला होता. "काय फरक पडतो!" लॉग पॉट अर्ध्यावर असताना दहा-पंधरा टक्केच सिग्नल आत सोडतो. लिनिअर पन्नास टक्के सोडतो. म्हणजे एक व्होल्ट. गुणिले २१, म्हणजे २१ व्होल्ट. आठ ओहमला ५५ वॅट मागितले जात होते, आणि देणारा वीसचा.

एवढ्यावर ट्वीटरचे ०.२ वॅट पावणेतीनपट होऊन ०.५५ झाले. तरीही वाचला असता. पण आवाज फाटायला लागल्यावर 'जरा क्लिअर' यावा म्हणून त्या मुलाने बास आणि ट्रेबल दोन्ही नॉब उजवीकडे टोकाला नेले. ट्रेबल पूर्ण वाढवला की वरच्या पट्टीला दहा डीबी, म्हणजे दहापट पॉवर. ०.५५ चे साडेपाच वॅट. कापाकापी वजा केली तरी चार-साडेचार, आणि ते दीड-दोन तास. बास टोकाला नेल्यामुळे अ‍ॅम्पकडे मागणी होत होती साडेपाचशे वॅटची! सापडला गुन्हेगार. वीस वॅट त्याला पुरेसे होते.

यावर लगेच कुणी म्हणेल, मग मोठाच अ‍ॅम्प घ्यावा. मलाही तेच वाटलं. शंभर वॅटचा बनवायचा असं ठरवून मी पार्टची यादीसुद्धा केली. लॅमिंग्टन रोडला, म्हणजे मुंबईच्या डॉ. भडकमकर मार्गाला, जायचा बेत ठरला. जाण्याच्या आदल्या रात्री सहज डीबीचा हिशोब केला आणि बेत रद्द झाला.

वॅट आणि आवाज यांचं नातं सरळ नाही. पॉवर दुप्पट केली की आवाज वाढतो फक्त तीन डीबी, म्हणजे 'वाढला का रे?' असं विचारावं इतका. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहा डीबी लागतात, म्हणजे दहापट वॅट. २० वरून १०० वॅटला गेलं तर सात डीबी मिळतात. २० वरून ४० चा अ‍ॅम्प घेतला तर पैसे जातात आणि शेजारच्याला कळतही नाही. उलट, स्पीकर ८८ डीबीऐवजी ९१ डीबीचा घेतला तर तोच परिणाम फुकट मिळतो, कारण त्याला तेवढ्याच आवाजासाठी निम्मे वॅट पुरतात. म्हणून मला विचाराल तर स्पीकर घेताना वॅट शेवटी बघा, आधी संवेदनशीलता बघा. एक वॅट, एक मीटर, किती डीबी. दुकानदार हे सांगणार नाही, त्याला ते माहीत नसण्याचीही शक्यता आहे. पट्टी स्वतः वाचा.

तर काकांच्या हॉलचा हिशोब. खोली १२ बाय १५ फूट, आरामखुर्ची बॉक्सपासून दहा फुटांवर, म्हणजे तीन मीटर. एक मीटरवर ८८ डीबी, तीन मीटरवर साडेनऊ डीबी कमी, दोन बॉक्स आहेत म्हणून तीन अधिक, भिंतींवरून परत येणारा आवाज थोडा अधिक. एका वॅटला खुर्चीपाशी साधारण ८४ डीबी. काका ऐकतात त्या वेळी मी मोबाईलच्या अ‍ॅपवर मोजलं, ७४ च्या आसपास आलं. हे दहा डीबी कमी. म्हणजे काका सरासरी एक-दशांश वॅटवर गाणं ऐकतात! तान उंच गेली, तबल्याची तिहाई पडली, तर शेंडे सरासरीच्या वीस डीबी वर जातात असं धरू. वीस डीबी म्हणजे शंभरपट, म्हणजे दहा वॅट. वीस वॅटच्या अ‍ॅम्पमध्ये ते बसतं आणि वर तीन डीबी शिल्लक राहते. शंभर वॅट कशाला हवेत?

हेच हॉलऐवजी कालिदास कलामंदिर असतं तर हिशोब पूर्ण वेगळा. शेवटच्या रांगेपर्यंतचं अंतर, अंगावर आवाज शोषणारी माणसं, शेकडो वॅट सहज लागतात. आणि चारचौघांत पार्टीचा आवाज हवा असेल, शेंडे १०५ डीबीचे, तर काकांच्याच हॉलमध्ये तेच गणित १२५ वॅटच्या पुढे जातं, जे त्या बॉक्सना पेलणारच नाही. म्हणजे अ‍ॅम्प आणि स्पीकर एकमेकांशी जुळवण्याआधी दोघांनाही खोलीशी आणि ऐकणाऱ्याशी जुळवावं लागतं. सोसायटीच्या गच्चीवर तर कायदाही जुळवावा लागतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डीबी आहे. आपल्यापैकी किती मंडळं ती पाळतात ते सोडा.

मोठा अ‍ॅम्प वाईटच असं मात्र नाही. उलट समजून वापरणाऱ्याच्या हातात तो जास्त सुरक्षित. स्पीकरच्या सलग पेलायच्या वॅटच्या दीडपट-दुप्पट अ‍ॅम्प घेतला तर शेंडे न कापता निघतात, वाटणी बिघडत नाही, कॉइल थंड राहते. पण मग हात आवरायला हवा, कारण मोठा अ‍ॅम्प वूफरचा पडदा त्याच्या हद्दीबाहेर ढकलू शकतो, आणि तेव्हा जळण्याऐवजी फाटण्याची पाळी येते. लहान अ‍ॅम्प घेतला तर कान उघडे ठेवायला हवेत. आवाज खरखरीत, टोचरा झाला की नॉब मागे, ट्रेबल पुढे नाही. थोडक्यात माझ्या काकांना दिलेल्या उत्तरात दुरुस्ती: लहान अ‍ॅम्प मोठ्या स्पीकरला काही करत नाही, जोपर्यंत त्याच्याकडून मोठं काम मागत नाही.

दोन गोष्टी राहिल्या. एक ओहमची. त्याच रात्री कुणीतरी म्हणालं होतं, "अजून दोन बॉक्स आहेत, लावू का?" मी नाही म्हटलं, तेवढी एक गोष्ट शहाणपणाची केली. आठ ओहमला आठ ओहम पॅरलल जोडले की चार होतात. करंट दुप्पट, चिपमध्ये तयार होणारी उष्णताही दुप्पट. आठ ओहम हा आकडासुद्धा नावापुरता असतो. प्रत्यक्षात वारंवारितेप्रमाणे तो कुठे साडेसहापर्यंत खाली येतो, कुठे वीस-तीसवर जातो. म्हणून अ‍ॅम्पच्या मागे 'कमीत कमी ४ ओहम' लिहिलेलं असेल तर ते देववाक्य समजावं. देवळातल्या आणि स्टेशनवरच्या कर्ण्यांचं प्रकरण निराळं, तिथे बहुधा १०० व्होल्टची लाइन आणि प्रत्येक कर्ण्याला ट्रान्सफॉर्मर असतो, आणि सगळ्या कर्ण्यांच्या वॅटची बेरीज अ‍ॅम्पच्या आत ठेवली की झालं. घरचा बॉक्स त्या लाइनवर थेट जोडू नका. बस.

दुसरी गोष्ट पीएमपीओची. आपल्या घरांत कुठेतरी माळ्यावर एखादा जुना टू-इन-वन किंवा कॉम्प्युटर स्पीकरचा जोड असेल, ज्यावर चकचकीत स्टिकर असतो: १२०० वॅट पीएमपीओ. त्याच्या अ‍ॅडॉप्टरवर बघा: ९ व्होल्ट, १ अँपियर. नऊ वॅट आत जातात आणि बाराशे बाहेर येतात! ऊर्जा अक्षय्यतेचा नियम मोडल्याबद्दल खरं तर नोबेल द्यायला हवं. पीएमपीओला मोजमापाची कुठलीही एक ठरलेली पद्धतच नाही, ज्याला जो आकडा सुचेल तो त्याने लिहावा. अमेरिकेत असल्या जाहिरातींना कंटाळून १९७४ साली फेडरल ट्रेड कमिशनने नियमच केला, की घरगुती अ‍ॅम्पचे वॅट सांगताना ते किती ओहमला, कुठल्या वारंवारितेत आणि किती डिस्टॉर्शनला मोजले हेही सांगा. आपल्याला सोपा उपाय म्हणजे मागच्या बाजूला 'पॉवर कन्झम्प्शन' वाचणे. बाहेर येणारी पॉवर त्याच्याहून जास्त असू शकत नाही. माझ्या रूममेटच्या साउंडबारचा आकडा वाचून ती दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हती. असो.

शेवटी काय केलं ते सांगते. ट्वीटरचा जुना पडदा आणि कॉइल बदलून मिळाली, गावातल्या एका दुरुस्तीवाल्याने बसवून दिली, पैसे माझ्या पॉकेटमनीतून. अ‍ॅम्प तोच ठेवला, वीस वॅटचा. लिनिअर पॉट काढून लॉग लावला. डीव्हीडीसाठी वेगळं सॉकेट केलं आणि त्याच्यामागे दोन रेझिस्टर बसवले, १० के सिरीजमध्ये आणि ४.७ के ग्राउंडला. पुढच्या ५० केच्या पॉटसकट हिशोब केला तर दोन व्होल्टचे बरोबर ०.६ होतात. नॉब टोकाला नेला तरी अ‍ॅम्प छताला फक्त टेकेल. टोन कंट्रोलची वायर कापून टाकली, हे काकांच्या संमतीने. ट्वीटरच्या वाटेवर अर्ध्या अँपियरचा फास्ट फ्यूज टाकला. ०.५ चा वर्ग गुणिले ८, दोन वॅट, तेवढे तो सुखाने घेईल. फ्यूज काही रुपयांचा, कॉइलपेक्षा केव्हाही स्वस्त. आणि पुढच्या पॅनेलवर एक लाल एलईडी, शेंडा कापला गेला की लुकलुकणारा. तो पेटवून बघायला मला फंक्शन जनरेटर लावावा लागला, कॅसेटवर पेटतच नाही.

सगळं जोडून झाल्यावर काकांनी काकूंची यमनची कॅसेट लावली. आधी मी डाव्या बॉक्सला कान लावला, तंबोरा ऐकू येतोय का बघायला. मग स्पीकरच्या टर्मिनलवर मीटर धरून आकडा दाखवला, ०.९ व्होल्टच्या आसपास हलत होता. मल्टीमीटर गाण्यासाठी फार विश्वासू नसतो, पण अंदाज येतो. "बघा काका, एक-दशांश वॅट. काकूंचा अख्खा आवाज एवढ्यात बसतो."

काकांनी चष्मा वर करून मीटरकडे बघितलं आणि म्हणाले, "मग आमच्या शिकवणीच्या वेळी वरचे लोक तक्रार करायचे ती एवढ्यासाठी होय!"